पंख्याचा आवाज जातो, ताशाचा उरतो

गेली अडीच वर्षे मी पूर्ण कान झाकणारा, बिनवायरचा, बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन रोज चार-पाच तास वापरतो आहे. व्यवसाय मुद्रितशोधनाचा आणि अनुवादाचा, घर नाशिकच्या इंदिरानगरात मुंबई-आग्रा महामार्गापासून दोन गल्ल्या आत, आणि महिन्यातून दोनदा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईची खेप. एवढे सांगितल्यावर खरेदीचे कारण वेगळे सांगायला नको. किंमत पंचवीस हजारांच्या थोडी खाली पडली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे येणारे गुण आणि तक्रारी या किमतीच्या आसपासच्या बहुतेक हेडफोनांना कमीअधिक लागू पडतात, आणि ज्या मुख्य गोष्टीविषयी मला लिहायचे आहे, ती तर सर्वांना सारखीच आहे.

ती गोष्ट अशी की, हे यंत्र शांतता देत नाही. ते काही ठरावीक आवाज काढून घेते, बाकीचे जिथल्या तिथे ठेवते, आणि काढून घेतलेल्या आवाजांपैकी बरेचसे आपण ऐकत होतो याचाच आपल्याला पत्ता नसतो. पहिल्या संध्याकाळी मी तो कानांवर चढवून बटण दाबले तेव्हा छताचा पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर आणि महामार्गावरच्या टायरांची अखंड घरघर ही सगळी मंडळी एकदम उठून गेल्यासारखी झाली. इतक्या वर्षांत ती घरघर मला कधी टोचल्याचे आठवत नाही, पण ती गेल्यावर खांद्यांवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. दुसऱ्याच मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी आणि वरच्या मजल्यावरच्या मालिकेतील सासूबाईंचा संवाद, हे दोन्ही पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू आले. मागचा पडदा हटला होता आणि पुढची पात्रे तशीच उभी होती.

असे का होते, हे एकदा समजून घेतले तर पुढचे बरेच अपेक्षाभंग टळतात. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला असलेले सूक्ष्म मायक्रोफोन येणारा आवाज टिपतात आणि आतले परिपथ त्याच्या नेमक्या उलट लहर तयार करून ती स्पीकरमधून सोडतात. चढ आणि उतार एकमेकांना भेटले की दोन्ही नाहीसे होतात. महागड्या हेडफोनांत कानाच्या बाजूलाही मायक्रोफोन असतो आणि तो उरलेसुरले तपासत राहतो. मात्र हा हिशेब वेळेत जमावा लागतो. सेकंदाला 100 कंपनांच्या घुमणाऱ्या आवाजाची एक लहर हवेत सुमारे साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे तिच्याशी जुळवून घ्यायला सवड मिळते. 10,000 कंपनांच्या आवाजाची लहर जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची, म्हणजे कानाच्या पाळीएवढ्या अंतरातच सगळे गणित चुकते. म्हणून खालच्या पट्टीचा आवाज यंत्र मारते आणि वरच्या पट्टीचा आवाज केवळ कानांवरची गादी जमेल तेवढा अडवते. माणसाचे बोलणे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते, आणि तिथे दोघांचाही जोर अपुरा पडतो.

या कल्पनेला बराच जुना इतिहास आहे. पॉल ल्युग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट 1936 साली मिळाले, पण तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक साधनांना ते पेलण्यासारखे नव्हते. 1978 मध्ये झुरिचहून बॉस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीखाली संगीत ऐकूच येईना, तेव्हा ‘बोस’ या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी प्रवासातच याची आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट 1989 मध्ये विक्रीला आला. थोडक्यात, हे यंत्र जन्माला आले ते इंजिनासाठी. पुण्या-मुंबईच्या प्रवासात त्याची जी तारीफ होते आणि घरात त्याच्याविषयी जी कुरकूर होते, त्या दोन्हींचे मूळ इथे आहे.

पंचवटी एक्स्प्रेस हे म्हणूनच या हेडफोनचे माहेर समजावे. सकाळी नाशिक रोडहून गाडी सुटली की डब्याचा जो एकसुरी गडगडाट सुरू होतो, तो बटण दाबताच दूर कुठेतरी वाहणाऱ्या पाण्याएवढा उरतो. पूर्वी गाडीत गाणे ऐकायचे तर आवाज जवळपास शेवटपर्यंत वाढवावा लागे, आता तो निम्म्यावरही पुरेसा होतो. हा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला 40 तास आणि 80 डेसिबल अशी आहे, आणि साध्या इअरफोनने गाडीचा आवाज दाबायला गेले की ती ओलांडायला वेळ लागत नाही. विलंबित ख्यालाची जुनी ध्वनिमुद्रणे मी पूर्वी गाडीत लावतच नसे, कारण तानपुरा गडगडाटात बुडून जाई आणि गायक एकटाच अधांतरी गाताना ऐकू येई. आता जवारीचा झणकार कमी आवाजातही कानाशी राहतो. (जुन्या ध्वनिमुद्रणातली मूळची खरखर मात्र जात नाही. ती बाहेरून येत नसून गाण्याबरोबर आतूनच येते, हे एका स्नेह्यांना दोनदा समजवावे लागले.)

इगतपुरी सोडून गाडी थळ घाट उतरू लागली की यंत्राची खरी परीक्षा होते. 37 ला 1 असा तो उतार, त्यात बोगदे. बोगद्यात शिरताक्षणी आवाज एकदम वाढतो आणि त्याचा घुमणारा भाग यंत्र तत्परतेने गिळून टाकते, पण ब्रेकांची किंचाळी सरळ आत येते. चहावाल्याची आरोळीही येते, आणि तिच्याबाबतीत मात्र माझी काही तक्रार नाही. परतीच्या प्रवासात फलाटावरच्या उद्घोषणेवर विसंबता येत नाही, म्हणून देवळाली आले की मी हेडफोन गळ्यात उतरवतो.

घरची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. आमच्या मागच्या मैदानावर पावसाळा लागला की ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू होतो. नाशिक ढोलाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही तो विसर्जनाच्या मिरवणुकीत आवडतो, परंतु रोज संध्याकाळी दीड तास, तेही मुद्रिते तपासताना, म्हटल्यावर मी मोठ्या आशेने हेडफोन चढवला. ढोल खालच्या पट्टीतला, त्यामुळे तो बराचसा मऊ पडला. ताशा वरच्या पट्टीतला, तो जसाच्या तसा राहिला. ढोलाविना नुसता ताशा तडतडताना ऐकणे हा मूळ त्रासाहून वाईट अनुभव आहे, हे मी कोणत्याही परीक्षणात वाचले नव्हते म्हणून इथे नोंदवतो. त्यावर उपाय म्हणून मी एकसारख्या पावसाचा आवाज हलकाच लावून ठेवतो. त्याने ताशाची धार बोथट होते, पण मग ही यंत्राची कामगिरी म्हणायची की पावसाची, असा प्रश्न पडतो.

2027 च्या सिंहस्थाची कामे शहरभर सुरू असल्यामुळे खोदकामाचा अनुभवही भरपूर मिळाला. जेसीबीचे इंजिन जवळजवळ नाहीसे होते. ब्रेकरचा धडधडाट कमी होतो, पण पोलादाचा खणखणाट उरतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. तिचे पालन झाले असते तर निम्मे पैसे वाचले असते, असे मनात येते ते येतेच.

घरातल्या माणसांना या यंत्राची सवय व्हायला माझ्याहून जास्त वेळ लागला. पहिल्या महिन्यात गॅसचे सिलिंडर एकदा परत गेले, कारण मी घरात एकटा होतो आणि दाराची घंटा गाण्यात मिसळून गेली. आईचे वय ब्याऐंशी, तिची हाक मुळातच हळू. तिची हाक आणि माझे उत्तर यांच्यात जी पोकळी पडू लागली, तिच्याविषयी ती स्वतः काही बोलली नाही, पण बायकोने एक दिवस स्पष्ट सांगितले, “अहो, आई दोनदा हाक मारून गप्प बसल्या. घरात दुसरं कुणी नसेल तेव्हा ते कानावरचं काढून ठेवत जा.” बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडण्याची सोय या हेडफोनमध्ये आहे आणि ती चांगली चालते, परंतु त्यातून येणारा आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा असतो, आणि हाक कोणत्या खोलीतून आली ते नीट कळत नाही. शेवटी आईच्या पलंगाशी बिनतारी घंटेचे बटण लावले आणि तिचा दिवा माझ्या टेबलावर ठेवला.

अंगावर वागवायच्या वस्तूचे म्हणून काही त्रास असतात, ते थोडक्यात सांगतो. चष्म्याच्या काड्यांमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि त्या फटीतून घरघर परत येते. जाड काडीचा चष्मा बदलून पातळ काडीचा घेतल्यावर फरक जाणवला, म्हणजे हेडफोनचा खर्च चष्म्यापर्यंत गेला. कान बंद असल्यामुळे स्वतःचे बोलणे डोक्यात घुमते आणि चिवडा खाताना खडी फोडल्यासारखा आवाज येतो. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात कानांना घाम फुटतो. उलट डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडून गारठा सरकू लागला की, तोच हेडफोन उत्तम कानटोपीचे काम देतो. सुरुवातीला कानांवर दाब आल्यासारखे काही जणांना वाटते, मलाही आठवडाभर वाटले. प्रत्यक्षात हवेचा दाब बदललेला नसतो, खालच्या पट्टीचा आवाज अचानक गेल्यामुळे मेंदूचा तसा समज होतो.

बॅटरीविषयी माझी तक्रार नाही. खोक्यावर तीस तास लिहिले होते, नवेपणी जवळजवळ तेवढे मिळत, आता चोवीसच्या आसपास मिळतात. लॅपटॉप आणि फोन दोन्हींशी एकाच वेळी जोडलेला राहतो, ही सोय कामाची आहे. ब्लूटूथमुळे आवाज किंचित उशिरा पोहोचतो. चित्रपट पाहताना ॲप तो उशीर भरून काढते, पण भाचीने इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला जोडून पाहिले तेव्हा बोट आधी आणि सूर मागून असा प्रकार झाला आणि तिने दोन मिनिटांत तो परत केला.

खरी नाराजी गाद्यांची आहे. पावणेदोन वर्षांत त्यांच्यावरचे कृत्रिम चामडे सोलवटू लागले, कानामागे आणि शर्टाच्या कॉलरवर काळे कपटे दिसू लागले. अधिकृत सेवा केंद्रात चौकशी केली तर तिथल्या गृहस्थांनी वॉरंटी एक वर्षाची आणि गाद्या त्यातही नाहीत असे सांगून, मागवून देऊ, महिना लागेल, असे उत्तर दिले. दीड महिन्याने दुसऱ्याच मॉडेलच्या गाद्या आल्या. त्या परत करून मी बाहेरच्या बनावटीच्या स्वस्त गाद्या आणल्या, त्या दिसायला हुबेहूब, पण आतला फोम पोकळ निघाला आणि पंख्याची घुमघुम पुन्हा ऐकू येऊ लागली. यंत्र तेच आणि गादी वेगळी, एवढ्याने हा फरक पडतो. तिसऱ्या खेपेस योग्य जोडी मिळाली. विकत घेण्यापूर्वी त्या मॉडेलच्या मूळ गाद्या सहज मिळतात का, हे विचारून घेणे बॅटरीच्या तासांपेक्षा महत्त्वाचे आहे, असे माझे मत झाले आहे.

दुकानात आणखी एक फसगत संभवते. दोन-अडीच हजारांच्या पुष्कळ इअरफोनांच्या खोक्यांवर ‘ईएनसी’ ही अक्षरे ठळक छापलेली असतात आणि विक्रेताही ‘नॉइज कॅन्सलेशन आहे साहेब’ असे सांगून मोकळा होतो. ईएनसीचा उपयोग फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला आपल्याकडचा गोंगाट कमी ऐकू जावा यासाठी असतो, आपल्या कानांना त्याने काहीच आराम मिळत नाही. आपल्याला हवे ते ‘एएनसी’, म्हणजे आपल्याच कानांत येणारा गोंगाट कमी करणारे. माझ्या पंचवीस हजारांच्या हेडफोनची यातली पहिली बाजू, नवलाची गोष्ट, लंगडी आहे. गच्चीवर वारा असेल तर पलीकडून ‘तुम्ही गाडीवर आहात का’ असे विचारले जाते. गाडीवर मी तो कधीही घालत नाही आणि कुणी घालू नये. द्वारका चौकात तर मागच्याचा हॉर्न हाच एक आधार असतो.

घ्यायचाच असेल तर महात्मा गांधी रोडवरच्या वातानुकूलित दुकानात गाणे लावून त्याची परीक्षा करू नका, तिथे सगळेच हेडफोन छान वाटतात. चष्मा घालत असाल तर तो डोळ्यांवर ठेवूनच, गाणे न लावता, दुकानाच्या उघड्या दारात उभे राहा, बटण चालू-बंद करा आणि रस्त्यावरच्या रिक्षांचे इंजिन किती विरते ते ऐका. दुकानदार दारापर्यंत नेऊ देत नसेल तर निदान एसीच्या झोताखाली उभे राहून पाहा, आणि त्याच वेळी दुकानातल्या माणसाला तुमच्याशी बोलत राहायला सांगा.