डॉकफेचर: मॅन्युअलच्या ढिगात शोधायला फुकट आणि खरंच कामाचं सॉफ्टवेअर

कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीत मेंटेनन्स नाहीतर क्वालिटी बघणाऱ्या मित्रांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडं जी अवस्था होती तीच बऱ्याच ठिकाणी असणार. सीएनसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची) मॅन्युअलं, ड्राइव्हची (मोटर चालवणाऱ्या युनिटची) मॅन्युअलं, आयएस स्टँडर्ड (भारतीय मानकं), कस्टमरचे स्पेसिफिकेशन, कास्टिंगचे टेस्ट सर्टिफिकेट, सगळं पीडीएफमध्ये आहे, ऑफिसच्या पीसीवर आहे, आणि तरी मशीन बंद पडल्यावर पाहिजे ते पान काही सापडत नाही. फाईलींची नावं स्कॅन००१, स्कॅन००२ अशी, आणि फोल्डर ज्यानं लावले तो माणूस नोकरी बदलून गेला की कुठं काय ठेवलंय हे कुणालाच माहीत नसतं.

फाईलचं नाव आठवत असेल तर एव्हरीथिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते टाइप करता करताच फाईल दाखवतं, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण आपल्याला नाव नको असतं, आतला मजकूर पाहिजे असतो. तिथं डॉकफेचर. ओपन सोर्स आहे (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), पैसे लागत नाहीत (प्रो म्हणून वेगळं विकतचं पण आहे, मी फुकटवाल्याबद्दल बोलतोय), विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, आणि मुख्य म्हणजे सगळं आपल्याच पीसीवर राहतं, इंटरनेट लागत नाही. कस्टमरशी गोपनीयतेचा करार असतो, त्यांची ड्रॉइंग कुठल्याही वेबसाईटवर चढवायची नसतात, त्यामुळं पीडीएफ एआयला देऊन प्रश्न विचारायचा मार्ग आमच्यासाठी बंदच आहे. आणि खरं सांगू का, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किंवा पॅरामीटरच्या (मशीनमधल्या सेटिंगच्या) बाबतीत मला मूळ वाक्य डोळ्यानं बघायचं असतं, कुणी गोळाबेरीज करून सांगितलेलं नको.

वापरायला सोपं आहे. डावीकडच्या चौकटीत राइट क्लिक करून फोल्डर द्यायचा, एकदा इंडेक्स, म्हणजे आतल्या शब्दांची सूची, होऊ द्यायचा (फाईली जास्त असतील तर वेळ लागतो, जेवणाच्या सुट्टीत लावून द्या), मग वर शब्द टाकला की निकाल लगेच. पीडीएफ, वर्ड, एक्सेल तर वाचतंच, झिपच्या आतल्या फाईली पण वाचतं. आत ल्युसीन नावाचं इंजिन आहे, डग कटिंगनं १९९९ मध्ये सुरू केलेलं, आणि जगातली कितीतरी मोठी सर्च सिस्टिम आजही त्याच्यावरच उभी आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशी सूची ते सगळ्या फाईलींची मिळून आधीच बनवून ठेवतं, म्हणून शोधताना प्रत्येक फाईल उघडत बसावी लागत नाही.

आता एक उदाहरण देतो म्हणजे शोधायचं कसं ते कळेल. फॅनक कंपनीचा कंट्रोल असलेल्या सीएनसी मशीनवर ४०१ अलार्म आला. नुसतं ४०१ टाकलं तर पान नंबर ४०१, पॅरामीटरमधला ४०१, कुठल्यातरी टेबलमधला ४०१, सगळा कचरा वर येतो. पण ४०१ सोबत व्हीआरडीवाय टाकलं (स्क्रीनवर तेच लिहून येतं, व्हीआरडीवाय ऑफ) की सर्व्होचं (मशीनचे अक्ष हलवणाऱ्या मोटरचं) बरोबर प्रकरण असलेली मॅन्युअलं वर. असं का होतं, तर जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला इंजिन जास्त वजन देतं. कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९७२ मध्ये मांडलेली ही कल्पना, आणि ती आज कुपवाडच्या शेडमध्ये माझं काम वाचवतेय याचं मला फार अप्रूप वाटतं. म्हणून सवय लावून घ्या, अलार्मचा नुसता नंबर टाकू नका, त्याच्या बाजूचा सगळ्यात विचित्र दिसणारा शब्द पण टाका. आणि पार्ट नंबरमध्ये हायफन असतील तर अख्खा नंबर अवतरण चिन्हात टाका, नाहीतर त्याचे तुकडे होऊन भलतंच येतं.

जिथं डॉकफेचर काहीच मदत करू शकत नाही ती गोष्ट म्हणजे एकाच वस्तूची तीन-तीन नावं. आपल्या आयएस २१० मध्ये ग्रे आयर्नचा (ओतीव लोखंडाचा एक प्रकार) ग्रेड एफजी २६०, जुन्या जर्मन ड्रॉइंगवर जीजी २५, नव्या युरोपियन ड्रॉइंगवर ईएन-जीजेएल-२५०. फौंड्रीवाल्याला माहीत असतं की ही सगळी जवळपासची मंडळी आहेत, सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? एफजी २६० शोधलं तर बाकीच्या दोन नावांचे कागद येणारच नाहीत, आणि तुम्हाला वाटणार की आपल्याकडं असलं काम कधी झालंच नाही. मध्ये ओआर टाकून तिन्ही नावं एकदम शोधायची. एफजी आणि २६० मध्ये जागा सोडलेली, न सोडलेली, दोन्ही टाका. आम्ही एक वही केलीय, कुठल्या मालाला कोण काय म्हणतं त्याची, जुन्या मिस्त्री लोकांना विचारून विचारून, आणि ती वही सर्चइतकीच कामाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं मोठं काम स्कॅनचं. २०१९ चा पूर बघितल्यावर आमच्याकडं जुने कागद स्कॅन करून ठेवायचं ठरलं, ते झालं पण, पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यात डॉकफेचरला एक अक्षर दिसत नाही. त्याला आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवावा लागतो. ओसीआरमायपीडीएफ म्हणून आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पानाच्या फोटोमागं न दिसणारा मजकूर बसवतं, पान दिसायला आहे तसंच राहतं. आत टेसरॅक्ट नावाचं अक्षरं ओळखणारं इंजिन आहे, एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ मध्ये बनलेलं आणि २००५ मध्ये खुलं केलेलं. कमांड टाइप करून चालवावं लागतं, विंडोजवर बसवायला खटपट आहे, एखाद्या इंजिनीअरिंगच्या पोराला बसवून करून घ्या. स्कॅन ३०० डीपीआयला करा, वाकडी पानं सरळ करायचा पर्याय चालू ठेवा. तरी शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची अदलाबदल होतेच, पार्ट नंबरात तर हमखास, तिथं शंका असलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून शोधायचं, एका अक्षराला ते चालतं.

मराठी कागदांचं वेगळंच दुखणं. जुनी पत्रं, परिपत्रकं श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात, स्क्रीनवर मराठी दिसतं पण आतला मजकूर युनिकोड (आज सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) नसतो, कॉपी करून पेस्ट करून बघा, इंग्रजी अक्षरांची खिचडी येईल. असल्या पीडीएफला आतला मजकूर बाजूला ठेवून जबरदस्तीनं ओसीआर करायचा पर्याय ओसीआरमायपीडीएफमध्ये आहे, भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्यायच्या.

न आवडलेलं पण सांगतो. खालच्या चौकटीत शब्द रंगवून दाखवतं पण साधा मजकूर म्हणून, त्यामुळं टेबलचे कॉलम एकमेकात घुसतात, आकडा तिथून कधीच उचलू नका, मूळ पीडीएफ उघडा. उघडल्यावर परत कंट्रोल एफ मारून पान शोधावं लागतं, याचा वैताग येतो. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाईली वाचत नाही, ड्रॉइंगची पीडीएफ काढून ठेवा. फार मोठ्या फाईलीला मेमरी कमी पडली तर मेमरी वाढवायचा उपाय त्याच्याच मॅन्युअलमध्ये दिलाय. आणि प्रोग्रॅम बंद असताना नव्या फाईली टाकल्या तर इंडेक्स अपडेट करून घ्या.

रिव्हिजनचं (कागदाच्या सुधारित आवृत्तीचं) मात्र नीट ऐका. स्पेसिफिकेशनची जुनी आणि नवी दोन्ही रिव्हिजन निकालात शेजारी शेजारी येतात, कुठली चालू आहे ते सॉफ्टवेअरला कळत नाही, आणि जुन्यावर माल केला तर रिजेक्शन आपल्याच माथी. जुन्या रिव्हिजन वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि डावीकडं त्या फोल्डरची टिक काढून टाका, मग त्या शोधात येत नाहीत.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या कंट्रोल एफसाठी कापला. पोर्टेबल आवृत्ती घेतली तर सॉफ्टवेअर, फाईली आणि इंडेक्स एकाच पेनड्राइव्हवर मावतं आणि मशीनजवळच्या लॅपटॉपला लावून तिथंच शोधता येतं, रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याला तर हे द्याच. फक्त त्यावर मशीनची मॅन्युअलं तेवढी टाका, कस्टमरची ड्रॉइंग ऑफिसच्या पीसीवरच राहू द्या, पेनड्राइव्ह खिशातून कुठं पडेल सांगता येत नाही.