भद्रकालीतील अत्तराचे दुकान: आधी मनगट, मग कुपी

नाशिकमधील भद्रकालीच्या बाजारात, मेन रोडकडे निघणाऱ्या एका गल्लीत हे लहानसे दुकान आहे. खस, मोगरा, केवडा, हिना आणि मातीचे अत्तर येथे सुटे मिळते. मात्र मी शिफारस करते आहे ती मालापेक्षा विक्रीच्या पद्धतीची. कागदाची पट्टी हुंगायला देऊन येथे कुपी गळ्यात मारत नाहीत. मालक काडीने मनगटावर अत्तर लावतात, बाजारातली उरलेली कामे उरकून यायला सांगतात आणि परत आल्यावरच पसंती विचारतात.

हा आग्रह रास्त आहे. काखेतला घाम मुळात जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास निर्माण होतो, आणि जिवाणूंची ही वस्ती माणसागणिक निराळी असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या झेक संशोधकांच्या प्रयोगात, वापरणाऱ्याने स्वतः निवडलेला सुगंध त्याच्या अंगगंधात मिसळला, तेव्हा तो नेमून दिलेल्या सुगंधापेक्षा परीक्षकांना अधिक आवडला. त्यामुळे जावेला शोभणारा मोगरा आपल्यालाही शोभेल, असे धरून चालू नये.

बायकांच्या बाबतीत ही निवड निव्वळ हौसेची राहत नाही. हळदीकुंकवाला सगळ्यांच्या हाताला एकच अत्तर लागते, तरी कोण टापटीप आणि कोण जरा गबाळी, हा निवाडा नाकाने केव्हाच केलेला असतो. तोंडावर मात्र कोणी बोलत नाही. नेमक्या याच मौनावर अमेरिकेतील ‘ओडोरोनो’ या घामरोधकाने १९१९ मध्ये जाहिरात बेतली आणि बायकांच्या धास्तीवर धंदा वाढवला. गंधाचा परिणाम मात्र खरा आहे. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, एखाद्या स्त्रीने बीजोत्सर्गाच्या (अंडाशयातून बीज सुटण्याच्या) सुमारास वापरलेला टी-शर्ट हुंगलेल्या स्त्रियांमध्ये, इतर दिवसांत वापरलेला टी-शर्ट हुंगलेल्यांपेक्षा टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी अधिक आढळली. संशोधकांनी त्याचा संबंध स्पर्धेच्या सज्जतेशी जोडला. एवढ्यावरून भिशीतल्या प्रत्येक रुसव्याचे खापर संप्रेरकांवर फोडणे उतावीळपणाचे होईल, कारण २०२२ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेने केलेल्या अभ्यासात चटकन मैत्री जुळलेल्या पुरुष-पुरुष किंवा स्त्री-स्त्री जोड्यांचा अंगगंध अनोळखी जोड्यांपेक्षा अधिक मिळताजुळता निघाला होता.

दुकानात या धास्तीचा बाजार मांडलेला नाही, ही मला मोठी जमेची बाजू वाटते. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य मालकांच्या तोंडी येत नाही. कपडे सुती घालता का, दुपारी उन्हात जावे लागते का, एवढेच ते विचारतात. एप्रिल-मेसाठी त्यांनी सुचवलेला खस उत्तम आहे. हिना मात्र उन्हाळ्यात डोक्यात जातो, तो थंडीतच घ्यावा.

उणिवाही आहेत. कुपीवर घटकांची यादी नसते, आणि ‘अस्सल चंदन’ म्हणून जे स्वस्तात दाखवले जाते त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, कारण खऱ्या चंदनतेलाला तो भाव परवडणारच नाही. शिवाय अत्तराने घामाचा वास जातो, हा तिथल्या मदतनीस मुलाचा दावा ग्राह्य धरू नये. अत्तर तो वास फार तर झाकते. घाम रोखण्यासाठी ॲल्युमिनियमचे क्षार असलेले घामरोधक लागते, आणि वासापुरते बोलायचे तर स्वच्छ धुतलेल्या काखेत ओली तुरटी फिरवली तरी बऱ्याच जणींचे काम भागते. गाडी गल्लीत नेऊ नका, आणि संध्याकाळच्या गर्दीपेक्षा सकाळी जा; मनगटावरचा वास तेव्हा नीट कळतो.