तळघरातला मॉर्मन रॉक : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी आमच्या तळघरातल्या अर्धवट बांधलेल्या खोलीत दिवाळीचे कंदील, मुलीची जुनी सायकल आणि रिकामे खोके होते. आज तिथे ड्रम किट आहे आणि दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे, गठ्ठे रचलेले आहेत. अकरा गाण्यांपैकी सहा पूर्ण झाली. या काळात जे सामान वापरलं त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणाऱ्या मराठी माणसाला यातलं बरंच उपयोगी पडेल, मग तो रॉक करो नाहीतर भजन.

मी मूळची सांगलीची, आता युटा राज्यात ओरेमला राहते. लहानपणापासून पेटी वाजवते, आणि रेकॉर्डिंगचं वेड इथे आल्यावर लागलं. शेजारचा मुलगा गिटार वाजवतो आणि गातो. तो आणि त्याचे तिघे साथीदार चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाचे, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात. गाणी त्यांनीच लिहिलेली, चाली त्यांच्याच, विषय त्यांच्या श्रद्धेचा. मी त्या पंथाची नाही. मी फक्त माइक लावते आणि मिक्स करते.

'मॉर्मन' या शब्दाबद्दल आधीच सांगते. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव सोडून चर्चचं पूर्ण नाव वापरा असं सांगितलं, आणि त्याच वर्षी तिथल्या प्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो शब्द गेला. आमचा ड्रमर तो शब्द उच्चारत नाही. मी इथे वापरला तो त्याला विचारून, कारण मराठी वाचकाला हाच शब्द ओळखीचा आहे.

रॉक आणि हा पंथ यांचं नातं नवीन नाही. युटातल्याच ऑग्डेनच्या ऑस्मंड भावांच्या बँडने १९७३ मध्येच आपल्या धर्माच्या शिकवणीवर एक अख्खा रॉक अल्बम केला होता. आमच्या घरापासून जवळ, प्रोव्होमध्ये, २००६ पासून 'व्हेलूर' नावाची छोटी जागा आहे. तिथे दारू मिळत नाही, सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश असतो, आणि निऑन ट्रीज, इमॅजिन ड्रॅगन्स हे बँड सुरुवातीच्या काळात तिथे वाजवून पुढे गेले. पण रविवारच्या सभेत मात्र ऑर्गन किंवा पियानो. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार तिथे नाहीत. विठ्ठलासमोर पखवाज आणि टाळ म्हणजेच पूजा, अशा घरात मी वाढले, त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला. हळूहळू लक्षात आलं, की प्रार्थनागृहात जागा नसलेलं हे संगीत घरातच राहतं. तळघरात, गॅरेजमध्ये, मित्रांच्या बैठकीत. म्हणून होम स्टुडिओ ही त्याची तडजोड नव्हे, ती त्याची खरी जागा आहे.

आता सामान.

इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी, फोकसराइट स्कारलेट १८आय२०, तिसऱ्या पिढीचा, जुना घेतला. माइकचा क्षीण आवाज वाढवणारे आठ प्रीअँप ही त्याची खरी किंमत. फक्त आवाज आणि गिटार रेकॉर्ड करायची असेल तर दोन इनपुटचा पुरतो, पण ड्रम आणि बाकीची वाद्यं एकदम घ्यायची तर आठ लागतात. नऊ महिन्यांत त्याने एकदाही दगा दिला नाही. हेडफोनची भोकं पुढे दोनच आहेत आणि वाजवणारे चार, म्हणून मागच्या लाइन आउटपुटवरून वेगळा हेडफोन अँप जोडला. घेतलेला पहिला अँप स्वस्तातला होता. तो डाव्या कानात खरखरायचा, दोन महिन्यांत परत केला. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सँपलचा ठेवला तर एका बफरचे साधारण २.७ मिलिसेकंद होतात, पण गाणाऱ्याला तेवढाही उशीर खुपतो. त्याला थेट इंटरफेसमधून ऐकवावं, संगणकातून फिरवून नव्हे.

सॉफ्टवेअर रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि माझ्यासारख्या घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. रूप साधं आहे, शिकायला पंधरा दिवस गेले, पण जुन्या लॅपटॉपवर तीस ट्रॅक सुरळीत चालतात. दुसरं काही बघायची गरज वाटली नाही.

माइक तीन शूर एसएम५७, एक एसएम५८, दोन ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आणि किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, एक. निम्मं सामान केएसएल क्लासिफाइड्सवरून, म्हणजे इथले लोक जुन्या वस्तू विकतात त्या ठिकाणाहून. केबल आणि स्टँड धरून सगळा खर्च दोन हजार डॉलरच्या आसपास गेला.

पण खरं सांगते, यातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा खोलीने जास्त छळलं. काँक्रीटच्या भिंती, ४.९ मीटर लांब, ३.६ रुंद आणि छत जेमतेम २.३ मीटरवर. समोरासमोरच्या दोन कठीण पृष्ठभागांमध्ये ध्वनी अडकतो आणि एक ठरावीक स्वर फुगतो. हिशेब सोपा आहे: ध्वनीचा वेग ३४३ भागिले अंतराची दुप्पट. आमच्या छताच्या उंचीचं उत्तर येतं ७५ हर्ट्झच्या जवळ, आणि बास गिटारचा डी हा स्वर ७३ च्या थोडा वर. म्हणजे बासवाल्याने डी छेडला की अख्खी खोली घुमायची आणि पुढचाच स्वर गायब व्हायचा. तो बिचारा महिनाभर आपल्या बोटांना दोष देत होता. चार इंच जाडीचे आवाज शोषणारे पॅनेल भिंतीला लावून इतक्या खालच्या स्वराला फारसा फरक पडला नाही. शेवटी रॉकवूलचे गठ्ठे न फोडताच कोपऱ्यांत एकावर एक रचले आणि घुमणं निम्म्यावर आलं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने माइकच्या आधी यावर पैसे घालावेत, हे मी अगदी ठामपणे सांगते.

ड्रमना चारच माइक. ग्लिन जॉन्स या इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअरची पद्धत: एक किटच्या वर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूला, आणि दोन्ही स्नेअरपासून (कडक आवाजाच्या मधल्या ड्रमपासून) बरोबर सारख्या अंतरावर, शिवाय किक आणि स्नेअरला एकेक. अंतर मी सुतळीने मोजते. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं, दुसरं आधी एका माइकला आणि मग दुसऱ्याला लावायचं. दोन बोटांचा फरक राहिला तरी स्नेअर पोकळ वाटते. बुटक्या छतावरून आवाज परत येतो म्हणून किटच्या वर एक पॅनेल टांगला आहे.

गुणगुणीची गोष्ट वेगळीच. भारतात वीज ५० हर्ट्झची, इथे ६०. सांगलीच्या माझ्या कानाला अँपची गुणगुण 'जी' (G) या स्वराच्या जवळची वाटायची. इथे ती बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्येच कुठेतरी लटकते, आणि तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला ती बेसूर जोडतारेसारखी टोचते. आमचं एक गाणं बी-फ्लॅटमध्ये आहे. कडव्याच्या शांत जागी प्रत्येक टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फेरीला, मला अंगावर काटा यायचा. दोन आठवडे केबल बदलल्या. दोषी निघाला दिव्याचा डिमर. साधं बटण बसवलं, गिटारवाल्याला अँपकडे तिरकं बसवलं, आणि गुणगुण जवळजवळ गेली.

हिवाळा हा इथला दुसरा शत्रू. युटाची हवा कोरडी, त्यात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा गरम वारा. जानेवारीत खोलीतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली गेली आणि अकूस्टिक गिटारचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, कडेने हाताला लागायला लागले. लाकूड आक्रसतं, धातू नाही. आता गिटार पेटीत ओल्या स्पंजसोबत राहते आणि खोलीत ह्युमिडिफायर चालतो, तोही टेकच्या वेळी बंद करावा लागतो. भट्टीचा पंखा तर एटी२०२० ला गाण्याइतकाच स्पष्ट ऐकू येतो. वीस मिनिटं भट्टी बंद ठेवायची, तीन टेक घ्यायचे, परत लावायची, असा आमचा हिवाळा गेला.

वेळापत्रकही सांगायला हवं, कारण सगळं नियोजन त्यावर अवलंबून असतं. रविवारी रेकॉर्डिंग नाही, सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी, बुधवारी चर्चमधल्या मुलांचे कार्यक्रम. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी त्यांची परिषद असते, तेव्हाही सुट्टी. उरलेल्यांतले मंगळवार, गुरुवार आणि शनिवार आम्ही घेतले. सुरुवातीला मी चहा ठेवला आणि चौघांनीही नम्रपणे नको म्हटलं. चहा-कॉफी त्यांच्यात चालत नाही. आता कोकम सरबत करते, ते भरपूर संपतं. ड्रमर बंगळुरूकडे दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, होता. त्याला कोकम नवीन होतं, पण सरबताचा रंग बघून तो हरखला. त्या दोन वर्षांत त्याने ड्रमला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी किटवर बसून तो बराच वेळ नुसता झांजेला बोटं लावत राहिला, ते मला आठवतं.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या तीन गाण्यांचं मिक्स मला फार आवडलं होतं. गिटार भरभक्कम, ड्रम मोठे. गिटारवाल्याच्या आजीला गाडीत ऐकवलं. आजी शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, सुंदर आहे, पण तू काय म्हणतो आहेस ते मला कळलं नाही. मी घरी येऊन तिन्ही मिक्स पुसली. ही गाणी म्हणजे साक्ष आहे. माणूस आपल्या मनातलं देवासमोर आणि लोकांसमोर उभं राहून सांगतो. शब्द पोचला नाही तर मागचा सगळा गजर कशासाठी? कीर्तनात बुवा ओवी सांगत असताना मृदंगवाला हात आखडता घेतो, आणि बुवा थांबले की मगच उठान घेतो. हे मी लहानपणापासून बघत आले, आणि मिक्स करताना विसरले.

त्यानंतर सगळं उलट्या बाजूने केलं. आधी फक्त आवाज, मग त्याला लागेल तेवढंच बाकीचं. एटी२०२० वर गाणं घेतलं तर काँक्रीटची खोली आणि भट्टी दोन्ही येत, म्हणून महाग वाटणारा माइक बाजूला ठेवून एसएम५८ घेतला. तोंडापासून चार बोटांवर, कपड्यांनी भरलेल्या कपाटात, मागे जाड गोधडी. आईने शिवलेली, सामानाबरोबर आलेली. गिटारमधून २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल खाली आणला, कारण व्यंजनं तिथेच राहतात. युटाच्या बोलीत 'माउंटन'मधला ट घशात गिळतात. तो स्पष्ट करू का, असं गायकाने विचारलं. नको म्हटलं, तो त्याच्या घरचा उच्चार आहे. तयार गाण्याची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा एकूण जोर मोजायच्या एककाच्या) जवळ ठेवली. स्पॉटिफाय सगळी गाणी त्याच पातळीवर आणतं, मग जास्त दाबून ठोकण्यात काय मिळतं?

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हातगाड्यांच्या गाण्यावर. १८५६ मध्ये या पंथाचे बैलगाडीचे पैसे नसलेले लोक दोन चाकांच्या हातगाड्या ओढत युटाकडे निघाले. त्यातल्या उशिरा निघालेल्या दोन तुकड्या वायोमिंगमध्ये बर्फात सापडल्या आणि दोनशेंहून जास्त माणसं गेली. बासवाल्याच्या घराण्यातली एक बाई त्या वाटेवर होती, गाणं तिच्यावर आहे. पूर्ण किट लावून केलं तेव्हा ते विजयाचं गाणं वाटलं, आणि ते तसं नाही. स्नेअर काढली. टॉम काढले. शेवटी उरली फक्त किक, आणि मुलीच्या जुन्या सायकलीचं चाक ट्रेमधल्या खडीवरून हळूहळू ढकललेलं, एसएम५७ वीतभर अंतरावर. मी सांगलीहून आणलेले टाळही एका कडव्यात वाजवले. टाळाचा पहिला ठोका इतका टोकदार असतो, की मीटर शांत दिसत असतानाही आवाज फाटतो, म्हणून गेन बराच खाली ठेवावा लागला. टेक चांगला आला. जीव होता माझा त्यात. पण ऐकताना कान शब्दावरून टाळाकडे जात होता. मीच तो ट्रॅक बंद केला.

बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर गाणी टाकताना कुठला प्रकार लिहायचा यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. 'ख्रिश्चन रॉक' लिहावं तर ते शोधणाऱ्याला वेगळीच अपेक्षा असते, आणि जुना शब्द लिहायचा नाही. शेवटी 'लॅटर-डे सेंट' आणि 'प्रोव्हो' हे दोन टॅग ठेवले. डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के बँडकॅम्प घेतं, पैसे भरण्याच्या व्यवहाराचं शुल्क वेगळं जातं, बाकीचे बँडला. गाणी स्वतःची असल्यामुळे कुणाची परवानगी मागायची वेळ आली नाही. यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

हातगाड्यांच्या गाण्याचं शेवटचं मिक्स गेल्या गुरुवारी आजींना परत गाडीत ऐकवलं. दुसऱ्या कडव्यात त्या बाईचं नाव येतं. आजींनी ते नाव गाण्याबरोबर हळूच उच्चारलं, आणि गाणं परत लावायला सांगितलं. शनिवारी सातव्या गाण्याचे ड्रम आहेत. त्याआधी तिसऱ्या कोपऱ्यासाठी गठ्ठे आणायचे आहेत, आणि स्नेअरचं कातडं बदलायचं आहे.