डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती: काही महिने खेळून झाल्यावर, नियमांपेक्षा रिवाजांबद्दल

पावसाळ्यात सुरू केलेला हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ दिवाळी उलटून गेली तरी दर शनिवारी रात्री चालू आहे, तेव्हा पैसे वसूल झाले हे आधीच सांगून टाकतो. आम्ही पाच जण. एक डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि सगळे राक्षस-दुकानदार-राजे वठवणारा. बाकीचे चौघे एकेक पात्र घेऊन. साहित्य म्हणाल तर 2014 चा स्टार्टर सेट आणि मागाहून घेतलेलं प्लेअर्स हँडबुक. (2024 मध्ये सुधारित पुस्तकं आली आहेत, आम्ही अजून जुन्यावरच आहोत.) खेळ मस्त आहे यावर पुष्कळांनी लिहिलंय. नवा माणूस मात्र अडखळतो तो त्यातल्या चमत्कारिक रिवाजांवर आणि बोलीवर, आणि तिथे पुस्तक त्याला फारसा हात देत नाही.

पात्र बनवायला बसलात की सुरुवात होते. ताकद 16, चपळाई 14, असे सहा आकडे लिहायचे. मग कळतं की 16 हा आकडा जवळपास कुठेच लागत नाही. लागतो तो त्यातून निघणारा, फाश्यात मिळवायचा +3. मग सरळ +3 च का लिहीत नाहीत? कारण 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ काढला तेव्हा तीन फासे टाकून 3 ते 18 मधला आकडा काढायची पद्धत होती. पुढे सगळं गणित वीस बाजूंच्या फाश्यावर आलं, पण जुने आकडे राहिले ते राहिलेच. गीझर लागला तरी बंब माळ्यावरून कुणी काढत नाही, तसं.

'लेव्हल'चा गोंधळ याहून वाईट. पात्राची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी. आमचा मांत्रिक तिसऱ्या लेव्हलला पोचला आणि खुशीत तिसऱ्या लेव्हलचे मंत्र निवडायला बसला. ते मिळतात पाचव्या लेव्हलला. नवव्या लेव्हलचे मंत्र हवेत तर सतरावी गाठावी लागते. गंमत म्हणजे हा घोळ गायगॅक्सलाही दिसत होता. 1978 च्या हँडबुकात त्याने लिहून ठेवलंय की या प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचा विचार होता, पण तोवर सगळ्यांच्या तोंडी लेव्हलच बसलं होतं. झालं, पुढच्या पिढ्या भोगतायत.

आर्मर क्लास (वार चुकवण्याच्या क्षमतेचा आकडा) आणि हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) या दोन्हींचं मूळ जमिनीवर नाहीच. अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढाईखेळातून ते उचलले, असं आर्नेसनने स्वतः सांगितलंय. हे कळल्यावर माझा एक जुना प्रश्न सुटला. शंभरापैकी एक हिट पॉइंट उरलेला योद्धा पहिल्याइतक्याच जोमाने तलवार कशी फिरवतो? जहाज म्हणून बघा, बुडेपर्यंत तोफा चालूच. यातूनच आमच्या टेबलावर 'यो-यो' हा शब्द रुळला: पात्र शून्यावर येऊन कोसळतं, पुजारी साठ फुटांवरून दोन शब्द पुटपुटतो, पात्र उठून वार करतं, पुन्हा कोसळतं. बघायला हास्यास्पद, पण नियमात चोख बसतं.

जुन्या खेळाडूंच्या तोंडी 'थॅको' आलं तर घाबरू नका. 2000 पर्यंत आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला होता आणि फाश्यावर किती हवं ते वजाबाकीने काढावं लागे. आता जास्त म्हणजे चांगला. एवढं कळलं की पुरे.

आता बोली. स्टार्टर सेटच्या पहिल्याच साहसात वाटेवर दोन मेलेले घोडे दिसतात आणि झुडपांत चार गॉब्लिन दबा धरून असतात. गॉब्लिनच्या बाणाचं नुकसान एक सहा बाजूंचा फासा अधिक दोन, म्हणजे जास्तीत जास्त आठ. पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाचे हिट पॉइंट सात-आठ. एक बाण नीट बसला की मांत्रिक आडवा. अशा पात्राला 'स्क्विशी' म्हणतात. फासा वीसवर थांबला तर 'क्रिट', नुकसानीचे फासे दुप्पट. आणि सगळेच मेले तर 'टीपीके'. नवख्यांसाठीच्या खोक्यात पहिल्या तासाभरात टीपीकेची सोय करून ठेवलीय, हे मला आजही पटत नाही. डीएमने पडद्याआड दोन फासे 'फज' केले, म्हणजे पडला एक नि सांगितला दुसरा, म्हणून आम्ही वाचलो. पुढे त्याने ते कबूलही केलं आणि त्यावरून अर्धा तास भांडण झालं.

'नॅट ट्वेंटी'बद्दल एक गैरसमज जगभर आहे. वीस पडला की काहीही घडतं असं सगळे धरून चालतात. पुस्तकात ते हल्ल्यापुरतं आणि मरणाच्या दारातल्या फाश्यापुरतं आहे. राजाकडे सिंहासन मागितलंत आणि वीस पडला, तरी फार तर तो हसून सोडून देईल.

'मर्डरहोबो' म्हणजे ना घर ना दार, दिसेल त्याला मारायचं, खिसे तपासायचे, पुढच्या गावी जायचं. लोक यासाठी खेळाडूंना नावं ठेवतात, पण राक्षस मारला की अनुभवाचे गुण हे खेळानेच शिकवलंय. आमच्या डीएमने मारण्याचे गुण बंद करून गोष्टीचा टप्पा गाठला की लेव्हल द्यायला सुरुवात केली, आणि महिनाभरात आमची टोळी गॉब्लिनांशी तह करायला लागली.

मंत्रांचं साहित्य हा माझा सगळ्यात लाडका भाग. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. विष्ठेतून सोरा मिळतो, म्हणजे हा बंदुकीच्या दारूचा विनोद आहे. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची किंवा अंबरची कांडी: घासा आणि ठिणगी पाडा. पुस्तक हे विनोद म्हणून सांगत नाही, गंभीर चेहऱ्याने यादीत छापतं. राक्षसांचंही तसंच. घुबडाचं डोकं लावलेलं अस्वल आणि लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर यांचा जन्म गायगॅक्सने आणलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून झाला.

आणि खुद्द 'राक्षस' (इंग्रजी खेळातही याच नावाचा एक खास प्राणी आहे). डीएमने तो शब्द उच्चारला तेव्हा आम्ही सुळे, जटा, गडगडाटी हास्य अशी तयारी केली. समोर आला रेशमी कपड्यातला वाघाच्या तोंडाचा गृहस्थ, तळवे उलटे. 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून तो असाच आहे, आणि मंतरलेल्या बाणाने मरण्याची त्याची खोड 1974-75 मधल्या एका अमेरिकी टीव्ही मालिकेतून आली. रामायण ऐकून वाढलेल्या टेबलावर यावर बराच दंगा झाला. पण शत्रू म्हणून तो फारच चांगला निघाला: सहाव्या लेव्हलपर्यंतचे मंत्र त्याला लागतच नाहीत, आणि मांत्रिकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तक्रार करायचीच तर वेळेची. एक फेरी सहा सेकंदांची, त्यामुळे गोष्टीतली अर्ध्या मिनिटाची लढाई रात्रीचे दोन तास खाते. शिवाय हँडबुकच्या शेवटची सूची: एक शब्द शोधावा तर तिथे लिहिलेलं असतं 'अमुक पाहा', आणि पान नंबर तिकडे.

घ्यायचं असेल तर आधी फुकट मिळणारे बेसिक रूल्स उतरवून घ्या. पाचव्या आवृत्तीचा गाभा 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालीही खुला आहे. मग स्टार्टर सेट, आणि हँडबुक तिसऱ्या लेव्हलनंतर. आधी खेळलेला एक जण टेबलावर असेल तर निम्मे प्रश्न पडतच नाहीत. 2014 च्या सेटमध्ये सहाच फासे येतात आणि पाच माणसांत ते सतत इकडून तिकडे फिरत राहतात, म्हणून फाश्यांचा एक जास्तीचा संच त्याच वेळी मागवा.