सिरॅमिक इनले 9 वर्षं वापरल्यावर

डावीकडच्या खालच्या दाढेतलं जुनं चांदीचं सिमेंट काढून 2016 मध्ये सिरॅमिक इनले बसवला होता. माप घेऊन लॅबमधून तुकडा बनवून आणायचा आणि दाढेत चिकटवायचा, खर्च साध्या भरण्याच्या कितीतरी पट, घरी ऐकून घेतलं ते वेगळंच. तर सिरॅमिकबद्दल तक्रार शून्य, रंग तोच, चकाकी तीच, चणे फुटाणे सगळं खाल्लंय. गेली ती त्याच्या कडेची, चिकटवायच्या सिमेंटची रेघ. बाथरूममध्ये टाईल्स तशाच राहतात आणि मधलं व्हाईट सिमेंट खचून काळं पडतं ना, अगदी तसंच, आणि दिवसाला चार चहा म्हटल्यावर माझी रेघ तर पक्की तपकिरी.

आताच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याने स्क्रीनवर दाखवलं. एका बाजूला सिरॅमिक, दुसऱ्या बाजूला दाताचं इनॅमल, दोन्ही कडक, मधलं रेझिन सिमेंट त्या दोघांपेक्षा मऊ, मग चावून आणि ब्रश घासून झिजणार तेच. पण ते झिजत तळापर्यंत जात नाही म्हणे, थोडं खाली गेलं की दोन्ही कडा त्याला आडोसा देतात आणि वेग कमी होतो. म्हणून फट किती रुंद हे महत्त्वाचं, 100 मायक्रॉनच्या आत हवी, म्हणजे साधारण केसाएवढी. झुरिकमध्ये 1985 ला सेरेक मशीनवर, म्हणजे क्लिनिकमध्येच कॉम्प्युटरने इनले कोरून देणाऱ्या मशीनवर, पहिले इनले झाले तेव्हा फटी बऱ्याच मोठ्या राहायच्या, त्यामुळे सगळा भार सिमेंटवरच. माझ्यात मशीन वगैरे काही नव्हतं तरी गालाकडची फट रुंद राहिलीय आणि नेमकं तिथेच खचलंय, जिभेकडची बाजू आजही गुळगुळीत. जुन्या क्लिनिकवाल्यांनी घाईत उरकलं, रबर डॅम, म्हणजे लाळ लागू नये म्हणून दाताभोवती लावायचा रबराचा पडदा, तो पण लावला नव्हता, तेव्हा मला कुठे कळत होतं.

एक्सरेत कीड नाही निघाली हे नशीब. इनले काढायला नाही लागला, खाच साफ करून पकड यावी म्हणून ॲसिड आणि बाँड लावला, वरून पातळ कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरून पॉलिश, अर्ध्या तासाच्या आत मोकळा. सिरॅमिकला 5 पैकी 5, बसवण्याच्या कामाला ओढूनताणून 3.

उजवीकडची दाढ पुढच्या महिन्यात आहे, तिथे पण इनलेच घेतोय, फक्त चिकटवायच्या आधी नुसता ठेवून फट स्क्रीनवर दाखवा असं आत्ताच सांगून आलोय.