गाडी तापतेय? खर्चाची सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करा: स्वस्तातल्या वस्तूंचा परखड आढावा

आठ-दहा वर्षं जुनी अल्टो, वॅगनआर, सँट्रो, आय-टेन यांच्यासारखी पेट्रोल गाडी घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापू लागली, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो रेडिएटर बदलण्याचा. कधी रेडिएटर खरंच गेलेला असतो, नाही असं नाही. पण ते ठरवायच्या आधी तपासायच्या गोष्टी अगदी कमी पैशांत तपासता येतात. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपैकी कोणती घेण्यासारखी आणि कोणती दुकानातच ठेवण्यासारखी, ते इथे लिहितोय. किमती साधारण आहेत, गाव आणि दुकान बदललं की थोडा फरक पडणारच.

काहीही विकत घेण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते पाहा. सिग्नलला तापते आणि हायवेवर तापमानाचा काटा खाली येतो, तर संशय फॅनवर: फ्यूज, रिले (फॅनला करंट जोडणारा छोटा स्विच), फॅनची मोटर किंवा तापमानाचा सेन्सर. उलट सिग्नलला ठीक, पण कसारा किंवा खंबाटकी चढताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरच्या जाळीतून वारा जात नाही. दोन्हीकडे तापते आणि शिवाय पाणी कमी होतं, तर गळती किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलेली. एवढ्या निरीक्षणानेही अर्धं काम होतं आणि त्याला काहीच पडत नाही.

रेडिएटरचं झाकण (१५० ते ४०० रुपये): आधी हेच घ्या

पैशाच्या हिशेबात सगळ्यात जास्त फायदा देणारी वस्तू हीच. झाकण नुसतं तोंड बंद करत नाही, ते दाब धरून ठेवतं. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. ०.९ आकड्याचं (हा झाकणावर छापलेला दाबाचा आकडा) चांगलं झाकण असेल तर तेच पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की ही सगळी सवलत गेली. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे फॅन सुरू होण्याच्या सुमारासच. इंजिनात दुसरा काही दोष नसतानाही गाडी घाटमाथ्यावर वाफ सोडते, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

झाकण उलटं करून पाहा. मधली छोटी चकती नखाने ओढून सोडली की टचकन परत बसली पाहिजे. हा व्हॅक्यूम वॉल्व्ह. तो अडकला तर गरम असताना रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत गेलेलं पाणी गार झाल्यावर परत रेडिएटरमध्ये येत नाही. बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा, किंवा सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला, ही त्याची खूण. रबर फुगलेलं किंवा चिरलेलं असेल तर विचार न करता बदला. नवीन घेताना जुन्यावरचा आकडा (०.९ किंवा १.१) आणि तोंडाचा आकार तोच ठेवा. जास्त आकड्याचं झाकण अधिक चांगलं, हा गैरसमज आहे. जुने होज आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या त्या जादा दाबाने फुटतात. आणि इंजिन गरम असताना झाकण कधीच उघडायचं नाही. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा.

ओबीडी ब्लूटूथ स्कॅनर (४०० ते १००० रुपये): घ्या, पण फार अपेक्षा नको

आजकाल बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. काटा असला तरी बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. ७५ आणि १०० दोन्हींना तो एकाच जागी दिसू शकतो. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा. ईएलएम ३२७ पद्धतीचा (याच नावाच्या चिपवर चालणारा) स्वस्त स्कॅनर स्टीअरिंगखालच्या तिच्या सॉकेटला लावला की मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याच्या जागी भरतात त्या द्रवाचं, खरं तापमान दिसतं. २०१३ नंतरच्या गाड्यांत सहसा अडचण येत नाही, त्याआधीच्या गाडीसाठी घेण्यापूर्वी खात्री करून घ्या. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ मॉडेल चालत नाही, वायफायचं किंवा ब्लूटूथ एलई असलेलं घ्यावं लागतं.

चालत्या गाडीत ८५ ते ९५, उभ्या गाडीत ९५-१०० च्या आसपास फॅन सुरू होऊन तापमान परत खाली येणं, हे निरोगी चित्र. ११० च्या वर गेलं की गाडी बाजूला घ्या. स्कॅनरच्या दोषाच्या कोडमध्ये पी०११७ किंवा पी०११८ दिसला तर आधी सेन्सर आणि त्याचा कनेक्टर पाहा. पी०१२८ दिसला तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल्व्ह) उघडा अडकल्याची शक्यता मोठी. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा: पाणी पूर्ण निघून गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि आकडा खोटाच कमी दाखवतो. ‘मोबाइलवर ८० दिसतंय’ म्हणून तशीच गाडी दामटली की हेड वाकतं.

फॅनचा रिले (१०० ते ३०० रुपये): आधी फुकट तपासा

एसी लावा. फॅन लगेच फिरला तर मोटर आणि तिची वायर ठीक आहे, आता सेन्सरकडे वळा. नाही फिरला तर फ्यूज पाहा, मग फॅनचा रिले काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून पाहा. दोन फॅन असलेल्या गाडीत एसीला कदाचित एकच फिरेल, दोन्ही स्वतंत्र तपासा. मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊनही ती फिरत नसेल तरच मोटरवर खर्च करा.

‘फॅन डायरेक्ट करून देतो’, म्हणजे सेन्सर टाळून फॅन सतत फिरता ठेवतो, हा गॅरेजमधला आवडता उपाय. घरी पोहोचण्यापुरता ठीक, कायमचा नको. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, मोटर लवकर झिजते, आणि रिले-फ्यूज टाळून ओढलेली वायर आग लावू शकते.

थर्मोस्टॅट (४०० ते १२०० रुपये): तपासून मगच

काढलेला थर्मोस्टॅट फेकण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याला टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. त्यावर छापलेल्या तापमानाला (बहुधा ८२ किंवा ८८) तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगला मोकळा झाला पाहिजे. नवा बसवताना छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथूनच अडकलेली हवा निघते. गॅस्केट किंवा रबर रिंग नवीच घाला.

थर्मोस्टॅट काढूनच टाका, हा सल्ला ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोक (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी वाट) बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तिथूनच इंजिनात परत फिरतो, आणि घाटात गाडी आणखी तापते. एरवी थंडीत इंजिन गारच राहून मायलेज पडतं, ते वेगळंच.

कूलंट (लिटरला १५० ते ४०० रुपये): रंग नाही, लेबल वाचा

हिरवा, निळा, लाल, गुलाबी: रंगाला कसलंही मानक नाही, तो कंपनीच्या मर्जीचा. डब्यावर आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) लिहिलंय का ते पाहा, आणि आपल्या गाडीच्या पुस्तकाशी ताडून घ्या. दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळले तर गाळ धरू शकतो, म्हणून जात माहीत नसेल तर पूर्ण रिकामं करून भरा. छोट्या गाडीत साधारण साडेतीन ते पाच लिटर बसतं. रेडीमिक्समध्ये (आधीच पाणी मिसळलेलं) पाणी घालायचं नसतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घेतलं तर त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरचं पाणी घातलं की त्यातला क्षार आत थर धरतो आणि नळ्या बुजतात. महाराष्ट्रात बोअरच्या पाण्यावर चालणारे रेडिएटर पुष्कळ सापडतात, आणि त्यांची किंमत शेवटी नवा रेडिएटर घेऊनच मोजावी लागते.

भरताना हवा काढणं सर्वांत महत्त्वाचं. गाडीचं तोंड चढाला ठेवा, आतला हीटर पूर्ण गरमवर करा, हळूहळू भरा, झाकण न लावता इंजिन सुरू ठेवून वरचा होज अधूनमधून दाबा. बुडबुडे थांबले की झाकण लावा, फॅन दोनदा सुरू-बंद होऊ द्या, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा पातळी पाहा. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

रेडिएटरची जाळी धुवायला काही विकत घ्यायची गरज नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचे तुकडे साचतात. पाण्याचा पाइप इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने धरा, धार हलकी ठेवा. जोरदार प्रेशर मारलं तर पाती वाकून वारा उलट अडतो.

लीक बंद करणारी पावडर किंवा द्रव: टाळा

रेडिएटरचं बारीक भोक हे थांबवतं, हे खरं. पण तोच चिकट माल हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतो. आडरानात अडकलात तर एकदा वापरा, नंतर धुऊन काढा आणि गळती नीट दुरुस्त करा. होजची क्लिप पन्नास रुपयांत मिळते, बऱ्याच गळत्या तिथेच असतात.

हेड गॅस्केट तपासायचा निळा द्रव: पैसे वसूल

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले, तर ही चाचणी करून घ्या. रेडिएटरची पातळी थोडी उतरवून या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची, द्रवात कूलंट शिरू द्यायचं नाही, आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा द्रवातून ओढायची. निळ्याचा पिवळा झाला, तर जळालेला वायू पाण्यात येतोय. डिझेलसाठी किटमध्ये वेगळा द्रव लागतो. संच स्वतः घेण्यापेक्षा ज्यांच्याकडे आहे अशा गॅरेजला तपासणीचे पैसे देणं स्वस्त. रंग बदलला तर झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट यांवर पुढे एक रुपयाही घालू नका. हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट करणं) करून घ्या आणि नवीन गॅस्केट टाका. त्याला दहा हजारांच्या पुढे लागू शकतात, म्हणून जुन्या गाडीची बाजारातली किंमत आधी विचारून मगच होकार द्या.