आयसीयूमधला ईआयटी पट्टा: वापरून कसा वाटला

आमच्या युनिटमध्ये ईआयटी (इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या फुफ्फुसात हवा कुठे जाते ते दाखवणारा) मॉनिटर येऊन बरेच दिवस झालेत, ज्यांच्याकडे घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय. छातीभोवती 16 किंवा 32 इलेक्ट्रोडचा पट्टा बांधायचा, त्यातून अगदी बारीक करंट जातो, हवा भरली की त्या भागाचा विद्युत अडथळा वाढतो आणि त्यावरून हवा कुठे जातेय कुठे नाही ते श्वासागणिक स्क्रीनवर दिसतं. रेडिएशन नाही, सीटीला न्यायची धावपळ नाही.

पैसे वसूल होतात ते पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात राखतो तो दाब, ठरवताना. एरवी आपण तक्ता बघतो, एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) इतका तर पीप इतका. पण एआरडीएस (फुफ्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन घसरण्याचा गंभीर आजार) म्हटलं तरी दोघांची फुफ्फुसं सारखी नसतात, पीप वाढवला की एकाची उघडतात आणि दुसऱ्याचा आधीच उघडा असलेला भाग आणखी फुगतो. पट्टा लावून पीप दोन-दोनने खाली आणत गेलात की प्रत्येक पायरीला किती भाग ताणला गेला आणि किती बसला (हवा निघून मिटला) ते मशीन टक्क्यांत सांगतं. एका पेशंटला पीप 14, प्लेटो (श्वास भरून थांबल्यावरचा दाब) 31, म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर (या दोन्हींतला फरक) 17, ऑक्सिजन कमी म्हणून सगळ्यांचा हात पीप वाढवायलाच चाललेला, आणि स्क्रीनवर बघतो तर पुढचा भाग नुसता ताणलेला. 10 वर आणला, प्लेटो 23, ड्रायव्हिंग प्रेशर 13, सॅच्युरेशन होतं तिथेच. नुसत्या अंदाजावर हे करायची हिंमत कोणाची झाली नसती.

आता कटकटी. घाम, सूज, जाड छाती असली की एक-दोन इलेक्ट्रोड हमखास लाल दाखवतात, मग सिस्टर बिचाऱ्या जेल लावून पट्टा परत घट्ट करत बसतात. चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतच बसला पाहिजे, खाली सरकला की डायफ्रॅम चित्रात येतो आणि सगळं चुकीचं वाचलं जातं. पालथं झोपवताना तर सरकतोच, कातडीवर वळ उठतात ते वेगळं. पेसमेकरवाल्याला लावायचा नाही, छातीवर मोठं ड्रेसिंग असेल तर जमत नाही. आणि काळा दिसणारा भाग बसलेला आहे की तिथे पाणी आहे हे पट्टा सांगत नाही, सोनोग्राफीचा प्रोब फिरवावाच लागतो.

मृत्यू कमी होतात असं मोठ्या ट्रायलमध्ये ठोस दिसलेलं नाही, त्यामुळे ब्रोशर वाचून हुरळू नका. 2019 ची लाइव्ह ट्रायल आठवा, फुफ्फुसाचा प्रकार बघून व्हेंटिलेटर लावायचा असा प्लॅन, पण सुमारे 21 टक्के पेशंटचा प्रकारच चुकीचा ओळखला गेला, एकूण फायदा दिसला नाही आणि चुकीचं सेटिंग लागलेल्यांचे मृत्यू उलट जास्त. पर्सनलाइज करताना वाचणारा कच्चा असेल तर नको ते.

अजून एक, हे मशीन घ्यायच्या आधी युनिटमध्ये मेजरिंग टेप आहे का बघा, चेष्टा नाही करत. 160 सेंटीमीटर उंचीच्या बाईचं वजन 90 किलो असलं तरी उंचीवरून काढलेलं हिशोबाचं वजन 52 च्या आसपास येतं, म्हणजे किलोला 6 एमएलने टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) साधारण 315 एमएल. काट्यावरचं वजन धरलंत तर 540 जातो, मग पट्ट्यावर कितीही सुंदर चित्र आलं तरी उपयोग शून्य. 2000 सालच्या एआरडीएसनेट या अमेरिकन संशोधन गटाच्या ट्रायलमध्ये किलोला 12 ऐवजी 6 एमएल दिल्यावर मृत्यू 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले होते, इतका फरक कुठल्या स्क्रीनने अजून दाखवलेला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. उंची मोजणं, प्लेटो बघणं, वेळेत पालथं करणं हे जिथे रोजचं आहे तिथे जरूर घ्या, बाकीच्यांनी थांबा. डेमो मागवलात तर सेल्सवाला स्वतःच्या छातीवर पट्टा बांधून मस्त चित्र दाखवेल, त्याला म्हणावं सूज आलेल्या, घामाने भिजलेल्या पेशंटला लावून दाखव.